कृपा घेणारा हात



परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात चुडावा म्हणून गाव आहे. पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्टेशन. तेथील हरिनाम सप्ताहात काल्याच्या कीर्तनाची सेवा यंदा आमच्याकडे होती. पौषातले दिवस, नाताळ होऊन पंधरवडा लोटलेला. काला झाला, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटून झाला, मंडळी पांगली आणि आम्ही टाळकरी-विणेकऱ्यांबरोबर मंडपातच टेकलो. तेवढ्यात सत्तरीच्या पलीकडची एक माळकरी बाई पुढे आली. काल्याचा द्रोण तिने पदराखाली झाकून धरला होता. पाया पडून म्हणाली,

“बाबा, एक इचारावं म्हणलं. माझी नात नांदेडला नर्सिंग शिकायली. तिची मैत्रीण किरस्ताव हाय. गेल्या साली मी दवाखान्यात पडले तवा त्या लेकरानं माझं सगळं केलं. हागणं-मुतणं बी काढलं. तिला ह्यो परसाद नेऊ का?”

“ने की, माय. त्यात विचारायचे काय?” आम्ही म्हणालो.

बाई जागची हलली नाही. म्हणाली, “आन् तिनं दिलेलं मी खाल्लं तर? त्यांच्या नाताळाला ती पोर फराळ धाडती. माझ्या गळ्यात माळ हाय म्हणून माझ्यापुरते शेंगदाण्याचे लाडू निराळे करती. अंड्याचा केक माझ्या डब्याला लागू देत न्हाई. तरी बाया म्हणायल्यात, किरस्तावाच्या हातचं खाल्लं की माळ बाटती. खरं का वो बाबा?”

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या तोंडून चटकन निघून गेले होते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जीभ अडखळली. दुसऱ्यास प्रसाद द्यावयाचा तर आमचे काही जात नाही, उलट मोठेपणाच मिळतो. परंतु दुसऱ्याच्या हातचे घ्यावयाचे म्हटले की अंगात काहीतरी आखडते. हे आखडणे आम्हांस नवे नव्हते, आणि त्याची आठवणही याच चुडाव्याच्या वाटेवरची आहे.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. आमचे वय तेव्हा पंचविशीचे. पाठशाळेतून लघुकौमुदी, पंचदशी, गीताभाष्य घोकून नुकते बाहेर पडलो होतो. चार गावांत कीर्तने झालेली, त्यामुळे डोक्यात थोडा वाराही शिरलेला. चुडाव्याच्या कीर्तनासाठी परभणीहून निघालो. त्या वेळी त्या मार्गावर मीटरगेजचे अरुंद रूळ होते आणि गाडी संथ चालायची. अंगात हिवतापाची थंडी भरली व आम्ही बाकावर कण्हत पडलो. समोर एक परिचारिका बसली होती. तिने कपाळाला हात लावून पाहिला, पिशवीतून गोळी काढली आणि आपल्या तांब्यातले पाणी दिले. दोन घोट घेतले असतील नसतील, तोच तिच्या गळ्यातला क्रूस आमच्या दृष्टीस पडला. आम्ही तांब्या खाली ठेवला आणि उपरण्याने तोंड पुसले.

तिने ते पाहिले. बोलली काहीच नाही. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. ती उतरली आणि चहाचा पेला घेऊन परत आली. तो आमच्यापुढे जरा लांबूनच धरून म्हणाली, “महाराज, हा स्टॉलवाल्याच्या हातचा आहे. पेलाही त्यानेच धुतला आहे. घ्या, ताप आहे अंगात.”

आम्ही चहा घेतला. ‘बाई, आपले उपकार झाले’ एवढेही शब्द तोंडातून निघाले नाहीत. चुडावा आले, आम्ही उतरलो, गाडी तिला घेऊन नांदेडकडे गेली. तिचे नाव आम्ही विचारले नव्हते. त्याच रात्री, ताप उतरल्यावर, चुडाव्याच्या पारावर आम्ही कीर्तनास उभे राहिलो. निरूपणाचा विषय होता भगवत्कृपा! दोन तास बोललो आणि लोकांनी वाहवा केली. पण त्याच दिवशी समोर येऊन उभी राहिलेली कृपा आम्हांस ओळखता आली नव्हती.

असो. आता मूळ विचाराकडे वळू. कृपा म्हणजे काय? कमावलेले नसताना जे मिळते ते. कमावलेल्याला मजुरी म्हणतात, परत मागता येते त्याला उसने म्हणतात. कृपेला यांतले एकही नाव लागत नाही. तिचेच दुसरे नाव प्रसाद. ‘प्र’ उपसर्गपूर्वक ‘सद्’ धातूपासून हा शब्द होतो आणि निर्मळपणा हा त्याचा एक जुना अर्थ आहे. गढूळ पाणी स्थिर राहिले म्हणजे गाळ खाली बसून वरचे पाणी निवळते, तो प्रसाद. ज्ञानोबारायांनी ग्रंथाच्या शेवटी जे पसायदान मागितले त्यातला ‘पसाय’ हा हाच प्रसाद होय. आणि तो कोण्या एका पंथापुरता मागितलेला नाही, हे आपण रोजच म्हणतो. ख्रिस्ती बांधवांच्या मराठी शास्त्रातही याच अर्थी ‘कृपा’ हाच शब्द आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो, ही त्यांच्या धर्माची मध्यवर्ती गोष्ट.

या कृपेविषयी आपल्याकडे आचार्यांनी मोठा वाद केला आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, माकडिणीचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते, तसे जीवाने देवाला धरले पाहिजे. दुसरा म्हणे, मांजरी आपले पिल्लू स्वतःच तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करावे लागत नाही. यांस मर्कटन्याय व मार्जारन्याय म्हणतात. ख्रिस्ती लोकांतही पाचव्या शतकात ऑगस्टिन व पेलागियस यांच्यात याच धर्तीचा वाद झाला. माणसाच्या प्रयत्नाला मोल किती आणि देवाच्या कृपेला किती, हाच तो प्रश्न. वाद अजून मिटला नाही व आमच्याने मिटणारही नाही. पण एक गोष्ट आम्ही मांजरीच्या पिल्लाकडे पाहून शिकलो. आईने मानगूट धरली की ते अंग सैल सोडते, पंजा मारत नाही. एवढेच त्याचे साधन. त्या दिवशी आगगाडीत आम्ही पंजा मारला.

ख्रिस्ती शास्त्रात योहानाच्या शुभवर्तमानात एक कथा आहे. येशू चालून चालून थकला आणि भर दुपारी शोमरोन प्रांतात एका विहिरीच्या काठी बसला. तेथे एक शोमरोनी बाई पाणी भरावयास आली. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला भांडे लावीत नसत. आपल्याकडे जसा विटाळ होता तसाच तो. अशा बाईला येशू म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित झाली, तू यहुदी आणि माझ्याजवळ पाणी मागतोस! पुढे मोठे ज्ञानाचे संभाषण आहे, जिवंत पाण्याची गोष्ट आहे. पण आम्हांस त्या कथेचा आरंभच फार मोठा वाटतो. ज्याने कृपा द्यावयाची, त्याने आधी ओंजळ पुढे केली. तिच्या घागरीचे पाणी मागून तिचा मान वाढवला आणि मग तिला जे द्यावयाचे ते दिले.

आपल्या संतांनी निराळे काय केले? पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढले आणि रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, हे लहान मूलही सांगते. पण राणू महाराच्या घरी पाटावर बसून ते स्वतः जेवले, ही कथा आपण तितक्या वेळा सांगत नाही. वाढणे ब्रह्मवृंदाने कदाचित पोटात घातले असते, जेवणे त्यांस सोसले नाही. गंगाखेडची आपली जनाबाई तर या परभणीचेच लेकरू. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागला, शेण्या वेचू लागला, असे आपण गातो. देव देव्हाऱ्यातून उठून जात्याला हात लावतो, आणि दासी त्याला ‘दूर सर’ म्हणत नाही. घरकामात कृपा ओळखावी कशी, हे त्या दासीला कळले होते. पंचदशी घोकलेल्या आम्हांस कळले नाही.

ख्रिस्ती घरातही कृपा अशीच रोजच्या कामातून येते असे म्हणतात. ताटावर बसले की अन्नाबद्दल देवाचे आभार मानावयाचे, आजाऱ्याजवळ बसावयाचे, आणि मंदिरात प्रभुभोजनाच्या वेळी एकच भाकर मोडून सर्वांनी खावयाची. आपला काला तरी काय आहे? सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची भाकरी कोणती हे ओळखू येईनासे झाले, आणि मग देवाने घास घेतला व दिला. दोन्ही विधींची शास्त्रे वेगळी आहेत, ती एक करू नयेत. पण दोहोंतही घेणाऱ्याला हात पसरावाच लागतो.

या मराठी मुलखात या गोष्टीची साक्ष देणारे एक जोडपे होऊन गेले. नारायण वामन टिळक हे कोकणातील ब्राह्मण घराण्यातले कवी. रेल्वेने राजनांदगावास जात असता डब्यातल्या एका अपरिचित युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला, तेथून त्यांचे मन फिरू लागले. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी तुकोबाराय सोडले नाहीत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पलीकडे गेल्यावर पूल जाळला नाही, ही त्यांची थोरवी. अभंग रचले, कीर्तने केली, १९१९ साली वारले.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की ज्या कृपेने संसार मोडला तिला कृपा कशी म्हणता? लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा हा बाप्तिस्मा वीज पडल्यासारखा झाला. लहान मुलगा पदरी, नातलगांच्या घरी दिवस काढले, अनेक वर्षे ताटातूट सोसली. हे दुःख खरे आहे आणि त्यावर कोणत्याही शास्त्राची शाल पांघरू नये. परंतु हाच प्रश्न आपल्याही घरचा आहे. विठ्ठलपंतांच्या संन्यासाने रुक्मिणीबाईंनी काय सोसले? देहूच्या जिजाबाईने डोंगरावर भाकरी नेता नेता काय सोसले? कृपा ज्याच्यावर होते त्याच्या घरच्यांना तिचे मोल द्यावे लागते, हे विसरून कृपेचे गोडवे गाणाऱ्याने जरा थांबावे.

लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहावयास आल्या, पण धर्म बदलून नव्हे. ख्रिस्ती घरात आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी त्यांनी निराळे ठेवले. टिळकांनीही ते ठेवू दिले. पुढे त्यांच्याच मनात प्रश्न उठला, की जाती देवाने केल्या की माणसाने? आणि ज्या दिवशी त्यांना स्वतःचे उत्तर मिळाले त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हे सारे हसत-रडत सांगितले आहे. त्या दोघांच्या घरी पुढे अनाथ पोरे वाढली, कवी बालकवी ठोंबरे राहून गेले. तात्पर्य, आधी पाणी घेता आले, मग घर देता आले. त्यांचा धर्म ज्यास पटत नाही त्याने तो घेऊ नये. पण पाण्याचा तो पेला घेण्यास बाप्तिस्मा लागत नाही. एकनाथांना तरी कोठे लागला होता?

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. हे आम्ही मान खाली घालून लिहितो, कारण ती आमच्याच शास्त्रमार्गाची लेक. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे हे कुटुंब. श्रीमद्भागवत मुलीस मुखोद्गत. १८७४ च्या सुमारास मद्रासकडील दुष्काळात आई, बाप आणि थोरली बहीण उपासाने गेली. अठरा पुराणे जाणणाऱ्या ब्राह्मणाच्या तोंडी दोन घास घालणारा हात मिळाला नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढे १८९६ नंतरच्या दुष्काळांत शेकडो उपाशी मुली व विधवा वेचून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांच्यावर धर्मांतराचा आक्षेप आला, त्यावर वादंग माजले, ते सर्वांस ठाऊक आहे. पण भुकेल्या मुलीला भाकरी मिळाली हे खोटे म्हणता येत नाही. आणि ती भाकरी आधी आपण का दिली नाही, हा प्रश्न आपल्यालाच आहे.

आता सरळ बोलू. आमिष दाखवून किंवा धाक घालून जे दिले जाते ती कृपा नव्हे, मग देणारा कोणत्याही धर्माचा असो. गोव्यात सासष्टी महालात सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली गेली. हा जुलूम होता. त्याच सासष्टीत १५७९ साली गोव्यास आलेला फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री मराठी शिकला, आपल्या संतांची ओवी त्याने घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. एकाच भूमीवर एक हात मोडतो आणि दुसरा हात आपल्या भाषेपुढे ओंजळ धरतो. दोहोंस एकच नाव देणे हा अन्याय होईल. आणि हिशेब काढावयाचाच तर आपलाही निघेल. पंढरीनाथाच्या मंदिराचे दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारी, आणि त्यांच्या लेकरांना आत मज्जाव! दार लावणारे कोणी परके नव्हते.

अलीकडचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेस म्हणजे आजच्या धाराशिवास, त्र्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू त्या आसनावर बसण्याची ही पहिलीच वेळ. बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणले होते. निवड होताच काहींनी विरोध केला. संमेलन पार पडले, मराठी भाषा बाटली नाही. २०२४ साली ते वारले. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली, तसे आपलेही मडके अशा वेळी तपासले जाते. नामदेवरायांसारख्या भक्तराजाचे मडके त्या दिवशी कच्चे निघाले होते, मग आपली काय कथा?

मग सगळे धर्म एकच, आळंदी-पंढरी सोडा, एकादशी सोडा, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. ‘सगळे एकच’ म्हणणे सोपे आहे. त्यात कोणाचेच नीट ऐकावे लागत नाही. ख्रिस्ताशिवाय तरणोपाय नाही असे ते मानतात. नामावाचून आम्हांस गती नाही. हा भेद मोठा आहे आणि तो सभ्यपणे तसाच राहू द्यावा. आपली माळ सांभाळावी, वारी चुकवू नये. परंतु पांडुरंग कोणाच्या हाताने आपल्यापर्यंत यावा, हे त्याला आपण नेमून देऊ शकत नाही. तो सजन कसायाच्या दुकानी गेला, कबिराच्या मागावर बसला. त्याला एखाद्या परिचारिकेच्या तांब्यातून यावेसे वाटले तर त्यास जात विचारून परत लावणारे आपण कोण?

त्या परिचारिकेची गोष्ट आता आम्हांस निराळी दिसते. तिने आम्हांस शास्त्रार्थाने जिंकले नाही, बोल लावला नाही. आमचा कोतेपणा पाहून तिने आपले दान त्या कोतेपणात मावेल एवढे लहान केले, आणि तरीही दिले. कृपा आपल्याला झेपेल इतकी वाकून येते, हे आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितले असेल. प्रत्यक्ष पाहिले एकदाच, आणि पाहून ओळखले नाही. नांदेडची ती पोर माळकरी म्हातारीसाठी शेंगदाण्याचे लाडू निराळे वळते, तेव्हा ती तरी दुसरे काय करते?

मंडपात ती बाई उत्तराची वाट पाहत उभीच होती. आम्ही म्हणालो, “माय, माळेचा नेम पदार्थाला आहे, माणसाला नाही. मद्य-मांस खाऊ नये, खोटे बोलू नये, परद्रव्य-परनारीकडे पाहू नये, एवढे माळ सांगते. अमक्याच्या हातचे घेऊ नको असे ती सांगत नाही. तुझ्यासाठी अंड्याचा केक बाजूला ठेवणाऱ्या त्या लेकराने तुझी माळ तुझ्यापेक्षा जास्त सांभाळली. तिच्या हातचे खा. माळ बाटत नाही.”

बाईने मान डोलावली, पण समाधान पुरते झालेले दिसेना. मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. नाताळातला एक लाडू तिने जपून ठेवला होता. बायांच्या बोलण्याने तो खाण्याचा धीर झाला नव्हता. तो तिने मोडला आणि अर्धा आमच्यापुढे धरला.

“मग बाबा, आधी तुम्ही घ्या,” ती म्हणाली.

मंडपात चार टाळकरी आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही हात पसरला. लाडू जरा कडक झाला होता, गूळ दाताला चिकटत होता. उरलेला अर्धा तिने तेथेच खाल्ला, पदराने तोंड पुसले, आणि नातीच्या मैत्रिणीसाठी काल्याचा द्रोण सावरीत ती स्टेशनाच्या वाटेला लागली.

रामकृष्णहरि.